गुळाला माफी, साखरेला फाशी? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

संक्रांत जवळ आली की एक संदेश मोबाइलवरून हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: साखर हे पांढरे विष असून ते इंग्रजांनी १८६८ मध्ये कारखाना काढून आपल्या गळी उतरवले, त्याआधी आपले पूर्वज गूळ खात आणि निरोगी राहत. साखरेत फटाक्यांचे गंधक असते आणि ते शरीराबाहेर पडत नाही, गूळ मात्र रसायनमुक्त असतो. गुळात लोह आणि कॅल्शियम असते, उलट साखर पचवताना हाडांतले कॅल्शियम खर्ची पडते. गूळ रक्तात हळूहळू उतरतो, म्हणून मधुमेह्यांनाही चालतो. साखर सोडून गूळ धरला की मधुमेह आणि रक्तदाब जातात, आणि तान्ह्या मुलांनाही साखरेऐवजी गूळच द्यावा.

या सल्ल्यातला ‘साखर कमी करा’ एवढा भाग बरोबर आहे, आणि त्याच्याच आधाराने बाकीचे सगळे खपून जाते. साखर एका हाताने काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने गुळाच्या रूपात तेवढीच परत द्यायची, असा हा व्यवहार आहे. म्हणून प्रत्येक दावा वेगळा काढून तपासलेला बरा.

इतिहासापासून सुरुवात करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील जिनसांची यादी देताना फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे पाच प्रकार एका ओळीत दिले आहेत; त्यातले पहिले काकवीसारखे पातळ आणि शेवटचे दाणेदार. शर्करा हाच शब्द पुढे फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि इंग्रजीत शुगर झाला, तेव्हा ही वस्तू इंग्रजांनी आपल्याला दिली म्हणणे म्हणजे गंगा उलटी वाहवणे होय. इंग्रजी अमदानीत बदलले ते यंत्र आणि प्रमाण. १९३२ च्या संरक्षण कायद्याने परदेशी साखरेपासून देशी कारखान्यांना आडोसा मिळाला आणि तीसेक कारखान्यांचे थोड्याच वर्षांत सव्वाशेच्या वर कारखाने झाले. पुढे प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि साखर गावोगाव स्वस्त झाली. साखर स्वस्त झाल्याने ती जास्त खाल्ली जाऊ लागली, हा आक्षेप रास्त आहे. पण तो स्वस्ताईवरचा आक्षेप आहे, पांढरेपणावरचा नव्हे.

पूर्वजांच्या आरोग्याबद्दल बोलायचे तर स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. प्लेग, पटकी आणि हिवताप यांतून वाचून मधुमेहाच्या वयापर्यंत पोचणारेच थोडे होते. तरीही जे पोचत, त्यांच्यातल्या खात्यापित्या मंडळींना तो होत असे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची, म्हणजे ज्यात मधुमेह मोडतो त्या विकारांची, कारणे सांगणारा श्लोक आहे: ‘आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि ग्राम्यौदकानूपरसाः पयांसि। नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम्॥’ बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, मांसरस, दूध, नवे धान्य, आणि त्यांच्याच पंक्तीला ‘गुडवैकृत’, म्हणजे गुळापासून केलेले पदार्थ. आयुर्वेदाचा हवाला देऊन गुळाला निर्दोष ठरवणाऱ्यांनी हा श्लोक एकदा सावकाश वाचावा.

आता गंधकाकडे वळू. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस स्वच्छ करण्यासाठी चुना वापरतात आणि गंधक जाळून तयार केलेला सल्फर डायऑक्साइड वायू रसातून सोडतात, हे खरे आहे. पुढच्या उकळण्यात यातला बराच वायू निघून जातो आणि तयार साखरेत किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उरू नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे २५ ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त पावणेदोन मिलिग्रॅम. तो शरीरात साचूनही राहत नाही. यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्यापासून बनलेल्या सल्फाइटचे सल्फेट करते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. एरवीही डाळ, अंडी, कांदा आणि लसूण यांतून गंधकाची संयुगे आपण रोज खातोच. काही दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होतो, तेवढी सावधगिरी त्यांनी जरूर बाळगावी.

पण ‘रसायनमुक्त गूळ’ हे शब्द वाचले की करवीर तालुक्यातले गुऱ्हाळ डोळ्यांपुढे उभे राहते. चुलवणात चिपाड ढकलले जात असते, काहिलीत रस खदखदत असतो, त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि चुन्याची निवळी पडते आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढली जाते. पाक आला की नाही हे गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून, त्याची बोटांत गोळी वळवून ठरवतो. त्याच्या त्या अंदाजावर आख्ख्या आधणाचा भाव अवलंबून असतो. आणि भाव ठरतो रंगावर. गिऱ्हाइकाला ढेप पिवळीधमक लागते, काळपट गुळाला सौद्यात किंमत येत नाही, म्हणून काहिलीत ‘हायड्रॉस’ची चिमूट पडते. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ज्या गंधकाच्या नावाने साखरेवर आगपाखड होते, त्याचेच संयुग. सगळेच गुऱ्हाळवाले ते वापरत नाहीत, सेंद्रिय गूळ प्रामाणिकपणे करणारे कितीतरी आहेत. परंतु दुकानातला स्वच्छ सोनेरी गूळ पाहून ‘किती नैसर्गिक’ म्हणणाऱ्याने त्या रंगाची चौकशी करावी. त्याहून मासलेवाईक गोष्ट अशी की, साखर विरघळवून गूळ केल्याच्या तक्रारी याच भागात वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. साखर सोडून गुळाकडे वळलेला माणूस कधी कधी तीच साखर, जरा महाग दराने, ढेपेच्या रूपात घरी आणतो.

लोहाचा दावा त्रैराशिकाने निकालात निघतो. वेगवेगळ्या तक्त्यांत गुळातील लोहाचे आकडे बरेच कमीजास्त दिले आहेत. त्यातला उदार आकडा, १०० ग्रॅमला ११ मिलिग्रॅम, धरला तरी चहात पडणाऱ्या १० ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम लोह मिळते, आणि तेही चहाबरोबर घेतल्याने शरीरात कमीच शोषले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे. ते गुळातून मिळवायचे तर रोज पाव किलोहून अधिक गूळ, म्हणजे सुमारे हजार कॅलरी, पोटात घालाव्या लागतील. बाळंतिणीच्या हळिवाच्या लाडवांत लोह असते, पण त्याचे श्रेय हळिवाचे. गूळ तिथे मुख्यतः लाडू वळण्यासाठी असतो. रक्त कमी आहे म्हणून गूळ-शेंगदाण्यावर विसंबून राहिलेल्या आणि गोळ्या टाळलेल्या मुली पाहिल्या की या एका ओळीने केलेले नुकसान कळते.

साखर पचवताना हाडांतले कॅल्शियम खर्च होते, हे मात्र निव्वळ कल्पित आहे. लहान आतड्यातले विकर साखरेचे दोन तुकडे करते, त्याला कॅल्शियम पुरवावे लागत नाही. दातांचे किडणे खरे, पण ते तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात म्हणून. आणि त्या जिवाणूंना चिक्कीही चालते. उलट ती दातांना अधिक वेळ चिकटून राहते.

सर्वांत घातक दावा मधुमेहाचा आहे. साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. गुळाचा मुख्य घटकही हीच जोडी, आणि त्यातला काही भाग तर रस उकळतानाच सुटा झालेला असतो, म्हणजे आतड्याचे तेवढे काम आधीच उरकलेले असते. रक्तातील साखर हळू चढायची तर सोबत तंतुमय भाग लागतो. तो उसात असतो, पण गुऱ्हाळात तो चिपाड होऊन चुलवणात जातो. अन्नसुरक्षेच्या नियमांतली गुळाची व्याख्याच पाहावी: गुळात एकूण शर्करा ९० टक्क्यांहून कमी असू नये आणि त्यात सुक्रोज, म्हणजे हीच जोडी, ६० टक्क्यांहून कमी असू नये. ज्या पदार्थात नऊ दशांश साखर असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, तो साखरेचा पर्याय कसा होईल?

माझ्या मधुमेही आत्याने हा संदेश वाचून साखर बंद केली. चहाला ती पूर्वी मोजून दोन लहान चमचे साखर घाली. आता चाकूने ढेपेचा खडा तासून टाकू लागली. एकदा तो खडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, तर १४ ग्रॅम भरला. दोन चमचे साखर ९ ग्रॅम भरली. गूळ कमी गोड लागतो आणि तो ‘चालतो’ अशी मनाची खात्री असते, म्हणून हात सैल सुटतो. दिवसाचे तीन चहा धरले तर पथ्य सुरू केल्यापासून तिच्या पोटात पूर्वीपेक्षा जास्तच साखर जात होती. तिने औषध सोडले नव्हते, हे नशीब.

साखर सोडली की मधुमेह आणि रक्तदाब जातात, हा दावाही जपून घ्यायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की, देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. एवढ्या मोठ्या आजाराचे खापर एकट्या साखरेवर फोडता येत नाही. पांढरा भात आणि मैदा यांनी भरलेले ताट, पोटाचा घेर, आनुवंशिकता आणि बैठी कामे या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. गोळ्या बंद करून गूळ सुरू करणारा रुग्ण दोन्हीकडून बुडतो.

मग साखरेवरचा आरोप खोटा का? मुळीच नाही, आणि त्याला गंधकाच्या कथेची गरजही नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून साखरेवर रेशन होते, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि माणशी रोजचे सुमारे ४० ग्रॅमचे प्रमाण लवकरच ८० ग्रॅमच्या घरात गेले. रेशन उठण्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या लोकांची उतारवयातील तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भावस्थेपासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारसही प्रमाणाचीच आहे: दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. या हिशेबात अन्नात घातलेली प्रत्येक साखर मोडते, मग ती पांढरी असो वा तांबूस. मध आणि फळांचा गाळलेला रसही त्यातच येतो. आपल्या देशात वर्षाला माणशी सुमारे २० किलो साखर खपते, म्हणजे दिवसाला पन्नासहून अधिक ग्रॅम, आणि गुळाचा हिशेब त्यात धरलेलाच नाही.

आता संदेशाची शेवटची ओळ. सहा महिन्यांच्या बाळाच्या नाचणीच्या सत्त्वात ‘साखर नको’ म्हणून गुळाचे पाणी घालणाऱ्या आयांना ही ओळ थेट चुकीच्या वाटेला लावते, कारण ब्रिटनच्या त्या नोंदींत फरक पडलेला दिसतो तो नेमका याच वयात. त्या वाटीत ना साखर हवी, ना गूळ. नाचणी, पाणी किंवा आईचे दूध, आणि हवे तर कुस्करलेले केळे एवढ्यावर बाळ ते सत्त्व खाते. फिके लागते ते चव बघणाऱ्या आजीला.