हसू टाळण्याचे काही खात्रीचे उपाय

चारचौघांत वजन हवं असेल तर सगळ्यात आधी हसणं सोडा. कपाळावर कायमची आठी असलेल्या माणसाच्या डोक्यात काहीतरी मोठं चाललं असणार, असा लोकांचा समज असतो. तो दूर करायची घाई आपण कशाला करा?

नवशिके इथे एक चूक करतात. ते विनोद टाळतात. ग्रुपवर आलेला चुटका न वाचता पुढे ढकलतात (तसा तो सगळेच ढकलतात) आणि सुटलो म्हणतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने लोकांच्या गप्पांतले हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले, तेव्हा दिसलं की त्यांतले बहुतेक विनोदावरचे नव्हतेच. 'बरं, भेटू मग', 'खरंच का?' असल्या वाक्यांवर माणसं हसत होती. वर ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त! त्याच्याच दुसऱ्या एका पाहणीत एकटा माणूस हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो सोबतीत हसतो, असं निघालं. म्हणजे बंदी घालायची ती माणसांवर. जेवताना प्रत्येकाने आपापला फोन बघावा. शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही मेसेजवरच बोलावं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा पाठवताना एकदा आरशात बघा. जिवणीची कड हलली नसेल, तर निम्मी लढाई जिंकलात.

तरीही कुणी समोर येऊन विनोद सांगायला लागलाच, तर अडवू नका. सांगू द्या. संपला की शांतपणे विचारा, "हे कधी घडलं?" तो गडबडेल. मग म्हणा, "पण पोपट एवढं मोठं वाक्य बोलू शकतो का?" तो पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागेल. त्याचं पूर्ण समजावून झाल्यावर म्हणायचं, "हा मी ऐकलाय. त्यात मांजर होती." पुन्हा तो तुमच्या वाटेला जाणार नाही.

साहेबांच्या विनोदाचं काय, असं विचाराल. तिथे हसावं, कारण ते हसण्यात धरत नाहीत. फ्रेंच वैद्य द्युशेन याने १८६२ साली लिहून ठेवलंय की मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळला जातो आणि तो हुकमाला दाद देत नाही. तोंडाचे कोपरे मात्र सांगू तेव्हा वर जातात. तेवढेच न्यावेत. फक्त पहिला नंबर लावू नये आणि शेवटचाही लावू नये.

लहान मुलं ही अवघड बाब आहे. तीन-चार महिन्यांची झाली नाहीत तोच हसतात. बोलणं कितीतरी पुढे. शिकवणी कुणी लावलेली नसते. "हसण्यासारखं काय झालं?" हा प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारत राहावा. काही वर्षं जातात, पण गुण येतो.

अगदीच राहवलं नाही तर शास्त्राधार घ्या. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत. दात न दाखवता केलेलं स्मित उत्तम माणसाचं. डोळ्यांत पाणी, दोन्ही हात कुशींवर, असं अतिहसित मात्र अधमाचं. आपण स्मितापाशी थांबावं.

इतका सराव असून मी एकदा घसरलो. वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी बहीण आणि मी त्यांची खोली आवरत होतो. त्यांना घरभर चिठ्ठ्या डकवायची सवय होती. 'नळ घट्ट बंद करावा.' 'दार ओढून घ्यावे, आपटू नये.' टपोरं अक्षर, खाली सही. बाहेर भेटायला आलेली माणसं बसली होती. आम्ही दोघं गप्प. पलंगाजवळच्या बटणावर एक चिठ्ठी निघाली: 'जाताना दिवा बंद करावा.' बहिणीने ती वाचली, मग वर पाहिलं. दिवा चार दिवस तसाच जळत होता.

"आणि स्वतः?" ती म्हणाली.

मी उशीत तोंड खुपसलं. ती खालीच बसली. डोळ्यांत पाणी, हात कुशींवर, दोघंही अगदी शास्त्रोक्त अधम. खांदे गदागदा हलताना कुणीतरी दारातून पाहिलं असावं, कारण दार हळूच लोटलं गेलं आणि बाहेरून आवाज आला, "रडू द्या त्यांना. मोकळं होऊ द्या."