‘नुसतं डावीकडे तर वळायचं!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंडियानापोलिस 500 या अमेरिकेतल्या मोटार शर्यतीवरचा माझा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अंडाकृती ट्रॅकवर ॲक्सिलरेटर दाबून चारदा डावीकडे वळायचं, त्यात ड्रायव्हरचं कसब ते काय? फॉर्म्युला वनमध्ये ज्यांना जागा उरत नाही ते इंडीकारकडे, म्हणजे ही शर्यत ज्या अमेरिकन मालिकेत येते तिच्याकडे, जातात. आणि तिथली गर्दी मुळात अपघात पाहायला जमते. यातलं शेवटचं वाक्य मला फार लागलं.

आधी वळणांबद्दल. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा आहे. वळणं चार, प्रत्येक पाव मैल लांब, आणि त्यांचा तिरकेपणा जेमतेम 9 अंशांचा. डेटोना या दुसऱ्या अमेरिकन ट्रॅकवर तो 31 अंश आहे. म्हणजे इंडियानापोलिसला रस्ता गाडीला सावरून धरत नाही, ते काम हवेच्या दाबाने आणि टायरनी करायचं असतं. 2022 मध्ये इंडीकारचा ड्रायव्हर स्कॉट डिक्सन याने पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होतानाची सगळ्यात पुढची जागा, घेतली ती ताशी 234.046 मैलांच्या वेगाने, म्हणजे जवळपास 377 किलोमीटर. आणि ही सरासरी आहे, चारही वळणांसकट!

ही जागा ठरवणाऱ्या पात्रता फेरीत सलग चार लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या चार फेऱ्यांची, सरासरी धरतात. पहिल्या लॅपला टायर ताजे असतात. चौथीपर्यंत त्यांची पकड कमी होते, गाडीचं नाक वळेनासं होतं आणि वळणाच्या शेवटी गाडी भिंतीकडे सरकायला लागते. पाय उचलला तर वेग गेला, आणि इथे एका वळणात गेलेला वेग पुढची अख्खी सरळ रेघ संपेपर्यंत भरून निघत नाही. त्यात वारा. एक नंबरच्या वळणात तो पाठीमागून आला, तर तीन नंबरात समोरून येणार. म्हणजे दिसायला सारखी असलेली ही दोन वळणं त्याच लॅपमध्ये वेगळी वागतात. ड्रायव्हर वेट जॅकर आणि अँटी-रोल बार ही गाडीचा भार चाकांवर कसा पडेल ते बदलणारी साधनं हलवत एकेका वळणासाठी गाडीचा तोल बदलत असतो, तोही त्या वेगात. शर्यतीत याच्या जोडीला पुढच्या गाडीने ढवळलेली हवा येते, आणि अशा 33 गाड्या असतात.

फॉर्म्युला वनमधून ‘उरलेले’ म्हणाल, तर नायजेल मॅन्सेल 1992 चा विश्वविजेता होऊन अमेरिकेला गेला. 1993 मध्ये फिनिक्सच्या ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, सरावातच तो भिंतीवर आदळला आणि पाठ दुखावून बसला. तरी त्याच वर्षी तो तिथल्या मालिकेचाही विजेता झाला. पाच शर्यती जिंकल्या, त्यातल्या चार ओव्हलवर. फॉर्म्युला वनच्याच फर्नांडो अलोन्सोने 2017 मध्ये तिथली मोनॅकोची शर्यत सोडून इंडियानापोलिस गाठलं, 27 लॅप आघाडीवर राहिला आणि इंजिन गेल्यामुळे थांबला. तोच अलोन्सो 2019 मध्ये पात्रच ठरला नाही. संघाची तयारी कमी पडली हे खरं, पण शेवटची जागा त्याच्याकडून घेतली ती काइल कायझरने. हुंकोससारख्या छोट्या संघाची गाडी, तीही आधीच्या अपघातानंतर घाईघाईत उभी केलेली. दोघांच्या वेगात फरक होता ताशी 0.019 मैलांचा. दोनदा विश्वविजेता ठरलेला माणूस जिथे घरी परततो, ती जागा कुणालाही जमण्यासारखी कशी म्हणायची?

आता अपघात. 2011 मध्ये लास वेगासच्या दीड मैलांच्या ओव्हलवर 34 गाड्या एकमेकींना खेटून पळवल्या आणि अपघातात ड्रायव्हर डॅन व्हेल्डनचा जीव गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने इंडियानापोलिस जिंकली होती. तशा ट्रॅकवर तशी शर्यत व्हायलाच नको होती, याबाबत तुमच्या रागात मी पूर्ण सामील आहे. पण ओव्हलवाल्यांना जिवाची किंमत नाही, हे मला मान्य नाही. धक्का शोषून घेणारी सेफर भिंत पहिल्यांदा बसली ती इंडियानापोलिसलाच, 2002 मध्ये. 2015 मध्ये पोकोनोच्या ओव्हलवर दुसऱ्या गाडीचा उडालेला तुकडा डोक्याला लागून ड्रायव्हर जस्टिन विल्सनचा मृत्यू झाला. अशा तुकड्यांपासून डोकं वाचवणारा जो पारदर्शक एरोस्क्रीन आज इंडीकारच्या प्रत्येक कॉकपिटपुढे दिसतो, तो 2020 पासून आहे.

आणि प्रेक्षकांच्या मनात काय राहतं, तेही सांगतो. 2022 च्या शर्यतीत अपघात अनेक झाले. मला आठवतो तो डिक्सन. 95 लॅप आघाडीवर, 2008 च्या विजयानंतर इथला दुसरा विजय समोर, आणि शेवटच्या थांब्यासाठी पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेत, शिरताना त्याने वेगमर्यादा किंचित ओलांडली. शिक्षा झाली आणि तो 21 वा आला. गाडीला ओरखडाही नव्हता. त्या शर्यतीचं नाव काढलं की आम्ही चाहते अजूनही त्या पिट लेनबद्दलच बोलतो.