बोअर पाडायचाच, तर असा पाडा

मे महिना आहे, विहिरीच्या तळाशी बेडूकही सावली शोधतोय, आणि सोसायटीचं कर्ज नुकतंच खात्यावर पडलंय. बोअर पाडायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

आधी जागा. त्यासाठी भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयाची पायरी चढू नका. ते नकाशा पसरतात, शेजारच्या विहिरींची पातळी विचारतात आणि वर 'इथे नको' असंही म्हणू शकतात. नारळ कधी नको म्हणत नाही. पायाळू पाणाड्या गाठा, तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जिथे उभा राहील तिथे चुन्याची फुली मारा.

आता खाली काय आहे, हे ठाऊक नसलेलंच बरं. तरी सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि राज्याचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या दगडाखाली गेला. या दगडात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तेही किती, तर शंभर बादल्या खडक पिळला तर दोन-तीन बादल्या. खालच्या अखंड पाषाणात तर पाण्याला शिरायलाच वाट नाही. आजोबांनी विहीर चाळीस-पन्नास फुटांवर थांबवली ती म्हणूनच. अर्थात, आजोबांकडे कॉम्प्रेसर कुठे होता?

कायद्याची काळजी नको. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली जायला आडकाठी केली आहे खरी. पण मोजायला टेप घेऊन रात्री दोन वाजता शिवारात येणार कोण?

गाडी रात्रीच येते. तमिळनाडूची पासिंग, पोरांना मराठीतले दोनच शब्द येतात: 'दगड' आणि 'पैसा'. केसिंग, म्हणजे भोकाची कड धरून ठेवणारा पाइप, वरच्या मुरमापुरतंच टाका, त्याचं बिल वेगळं असतं. पांढरा धुरळा उडू लागला की उपरणं तोंडाला बांधून उभे राहा. मध्येच लाल गेरूसारखा गाळ आला, की सगळे 'लागलं, लागलं' म्हणून ओरडतील. लागलेलं नसतं. दर शंभर फुटांना रेट वाढतो, आणि या घटकेला 'बस करा' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. 'पन्नास फूट अजून मारा' हे वाक्य तुमच्या तोंडून आपोआप येईल.

समजा, पाचशे वीसवर दीड इंच पाणी लागलं. पेढे वाटा. पहिला पेढा शेजारच्या तात्यांना द्या, कारण सकाळपासून त्यांची मोटर नुसती हवा ओढतेय. भेग एकच असते, तिला सातबारा वाचता येत नाही. तात्या गोड मानून पेढा खातील आणि पुढच्या आठवड्यात सहाशेला जातील. मग तुम्ही सातशेला. गावात याला प्रगती म्हणतात.

उपसलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरा. शेततळं पावसाच्या पाण्यासाठी असतं, ही समजूत अनुदानाच्या अर्जापुरती ठेवा. सातशे फूट अंधारातून वर काढलेल्या पाण्याला जरा ऊन दाखवायला नको?

हिवरे बाजारला मात्र सहल काढू नका. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी आहे, आणि पाण्याचा जमाखर्च मांडून मग पिकं ठरवतात. अशाने ऊस कधी लावणार माणूस? अगदीच गळ्याशी आलं तर रेल्वे आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेलीच होती. तुमच्या बांधापासून रूळ किती लांब आहेत, तेवढं मोजून ठेवा.

आणि सातशेचा बोअर कोरडाच गेला, तर भोकाला कान लावून बघा. आत टपटप ऐकू येईल. हरखून जाऊ नका. केसिंगच्या खाली उघड्या राहिलेल्या भेगांतून वरच्या थरातलं पाणी गळतंय ते. आजोबांच्या विहिरीचं. भोकावर मोठा धोंडा ठेवा, एखादं पोर पडायला नको, आणि पाणाड्याला फोन लावा. तो येईल, तोच नारळ घेऊन येईल, आणि अकरा पावलं पूर्वेला फुली मारेल.