चिऊताईचं बाळ आता काय करतं?

माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला गोष्ट संपलेली चालत नाही. आमच्या लहानपणी चिऊताईने दार उघडलं की आम्ही निमूटपणे कुशीवर वळायचो. ही उठून बसते. "मग पुढे?"

पुढे काय, कप्पाळ! जुलै महिना, मी एका सीएच्या ऑफिसात कामाला. 31 तारखेच्या आत जगाची रिटर्नं भरायची असतात. रात्री साडेदहाला मला पुढचं काही दिसत नसतं, उशी सोडून.

"बाबा, चिऊताईचं बाळ आता केवढं झालं?"

"मोठं झालं. तीस वर्षांचं."

"काय करतं?"

"आंघोळ."

मला वाटलं, सुटलो. पण ती विचारात पडली. मग मीही पडलो. ज्या बाळाला न्हाऊ घालून, अंग पुसून, तीट लावून होईपर्यंत बाहेर अख्खा पावसाळा संपतो, ते पुढे वेळेवर कामाला कसं जाणार? लग्नाला मुलगी बघायला जायचं म्हटलं तरी आई आधी काजळ शोधणार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, काम सोडून, मी चिमण्यांची माहिती काढली. चिमणीचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर साधारण 15 दिवसांत घरट्यातून उडून जातं. म्हणजे चिऊताईपाशी ही सबब जेमतेम एक पंधरवडा होती! काऊ सोळाव्या दिवशी आला असता तर तिला नवं काहीतरी शोधावं लागलं असतं. शिवाय चिमण्या खुशाल धुळीत आंघोळ करतात. तीट कसली लावता?

हे रात्री मोठ्या उत्साहाने सांगितलं. पिल्लांना चिमणाही भरवतो, हेही सांगून बसलो. चूक झाली.

"मग चिऊताईचा नवरा कुठे होता?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. उत्तराची वाट बघणारे आता दोघं होते.

"ऑफिसात," मी म्हणालो. "रिटर्न भरत होता."

भांडी पुन्हा सुरू झाली. जरा जोरात.

बाकीच्यांचीही तीच गत. लाकूडतोड्याला नदीतून सोन्याची कुऱ्हाड मिळाली, पुढे काय? पुढे तो आमच्याकडे आला. नातेवाईक नसलेल्या कुणाकडून वर्षात 50 हजारांच्या वरची भेट मिळाली तर तिच्यावर कर बसतो, आणि जलदेवता कायद्याने कुणाचीच आत्या-मावशी लागत नाही. बिचाऱ्याचा प्रामाणिकपणा इथेही आडवा आला. चांदीची कुऱ्हाड आम्ही विचारलीही नव्हती, त्यानेच काढून टेबलावर ठेवली. 'लांडगा आला रे' ओरडणारा पोरगा आमच्याच इमारतीत राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर आल्याचं तोच कळवतो. खरंच आलेला असतो तेव्हा बादली घेऊन खाली कुणी जात नाही.

भोपळ्यातल्या म्हातारीचं मी थोडक्यात उरकलं. लेकीकडे महिनाभर तूपरोटी खाल्ली, घरी आली, कोलेस्टेरॉल वाढलं, आता डॉक्टरांनी तूप बंद केलंय. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, "लेकीकडे गेली म्हणून निदान महिनाभर तरी मिळालं." यावर मी काही बोललो नाही. टुणुक टुणुक सरकत पुढच्या गोष्टीवर गेलो.

पण खरा अडलो तो कावळ्यापाशी. घर शेणाचं, पहिल्याच पावसात वाहून गेलेलं, त्यात तासभर दाराबाहेर उभं केलेलं. असा प्राणी मोठेपणी कसा होईल? मुलीचं म्हणणं, तो रडत असेल. मी म्हटलं, छे! त्याचे दिवस फिरले. भाद्रपद येऊ दे, पितृपंधरवडा लागू दे. गच्चीगच्चीवर वाढलेली पानं, वर वडा, खीर, आणि पानाशेजारी माना वर करून उभी असलेली माणसं. ज्यांनी वर्षभर हाड्‌ हाड्‌ केलं, तेच "ये रे काऊ, ये" म्हणून आर्जवं करतायत. पोटात कावळे ओरडतायत आणि समोरच्या तारेवरचा ढिम्म. दहाव्याला नदीवर तर विचारू नका. पिंडाला शिवेना म्हणून नातेवाईक गेलेल्याच्या इच्छा आठवत बसतात. जमिनीचं बघतो म्हणतात, धाकटीचं लग्न करून देतो म्हणतात.

"आणि काऊ काय म्हणतो?"

"काऊ म्हणतो, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे."

ती इतकी हसली की झोप उडाली. तिची आणि माझीही. बारा वाजले.

काल रात्री धो धो पाऊस होता. किल्ली ऑफिसात राहिलेली, छत्री रिक्षात राहिलेली. नखशिखान्त भिजून मी बेल दाबली. आत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली.

"कोण आहे?"

"अगं, मी बाबा. दार उघड."

आत थोडी खुसुरफुसुर. दुसरा आवाज भांडी घासणाऱ्या बाईंचा, म्हणजे माझ्या बायकोचाच होता, याबद्दल मला शंका नाही.

"थांब, माझ्या बाळाला तीट लावते."

मी पायपुसण्यावर उभा राहिलो. पाणी निथळत जिन्यावरून खाली चाललं. शेजारचं दार किलकिलं झालं आणि लांडगेवाल्याने डोकं बाहेर काढून आधी माझ्याकडे, मग त्या ओघळाकडे पाहिलं.

"टँकर आला का?" त्याने विचारलं.