पेशी तुमचं बोलणं टिपत नाहीत

कोल्हापुरात पेठांच्या, तालमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'शास्त्रज्ञांनी पेशीच्या डीएनएत रेकॉर्डर बसवलाय, त्यात सिनेमाही साठवला. लसीतून तोच आपल्या अंगात सोडलाय. आपलं बोलणं-फिरणं टिपून लांबून वाचतात.' हे वाचून कुणी बाळाचा डोस चुकवू नये, म्हणून लिहितोय.

सिनेमाचं खरं आहे. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी धावत्या घोडीची पाच चित्रं ई. कोलाय जिवाणूंत साठवली. हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे आपल्या डीएनएत रांगेने जपून ठेवायची क्रिस्पर नावाची सोय अनेक जिवाणूंकडे मुळातच असते. कॅस-१ आणि कॅस-२ ही प्रथिनं नवा तुकडा रांगेच्या एकाच टोकाला घालतात, म्हणून आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं ते कळतं. पण ती घोडी जिवाणूंनी पाहिली नव्हती! चित्राचे ठिपके संशोधकांनी डीएनएच्या अक्षरांत मांडले, तसे तुकडे तयार केले आणि रोज एक चित्र असे पाच दिवस जिवाणूंना दिले. एका पेशीत अख्खं चित्र मावलंही नाही. असंख्य पेशींतले तुकडे जुळवून ते परत मिळालं, सुमारे ९० टक्के बरोबर.

बोलणं टिपण्याचं काय? त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने बाहेरचे बदल नोंदवणारे जिवाणू केले. त्यांनी टिपलं काय, तर तांबं आणि ट्रेहॅलोज, फ्युकोज या साखरा. रंकाळ्यावरच्या गप्पा त्यांना कळायला मार्गच नाही.

आता लशींचं. कोव्हॅक्सिन या कोरोनाच्या लशीत निष्क्रिय केलेला कोरोना विषाणू आहे. कोव्हिशिल्डमध्ये कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक नेणारा, शरीरात वाढू न शकणारा ॲडिनोव्हायरस नावाचा दुसरा विषाणू. नोंद करणारी यंत्रणा दोन्हींत नाही, बाळांच्या पोलिओ-गोवराच्या लशींतही नाही.

आणि लांबून वाचणार कसं? पेशी फोडून डीएनए काढावा लागतो, मग सिक्वेन्सिंग, म्हणजे यंत्रावर त्याची अक्षरं क्रमाने वाचणं. २०२२ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यात असे जिवाणू सोडले आणि विष्ठेतून परत मिळवून, आहार बदलल्यावर आत काय घडलं ते वाचलं. आतड्याचे आजार ओळखायची ही वाट अफवेपायी बदनाम होतेय, याचा मला संताप येतो.

असे जिवाणू उद्या पंचगंगेत सोडायचं कुणी म्हणालं तर मीही आधी परवानगी दाखवा म्हणेन. जनुकं बदललेल्या जिवाणूंबाबतच्या केंद्र सरकारच्या १९८९ च्या नियमांनुसार ती लागतेच. पण नदीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत बंद बाटलीत या जिवाणूंकडून तपासून घ्यायला माझी काहीच हरकत नाही.