कोल्हापूरकर, आर्च ठीक आहे हो, लाईनचं बोला

कोल्हापूरकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की टेक्सास युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या २०२५ च्या ऑफेन्सवर, म्हणजे बॉल घेऊन चढाई करणाऱ्या फळीवर, मी एवढं लांबलचक लिहिलं, त्यात आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा म्होरक्या) आर्च मॅनिंगचं कौतुक दोन ओळी आणि बाकी सगळं लाईनचं, म्हणजे त्याच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांचं, रडगाणं. एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी) आपण नंबर १, सीझन सुरू व्हायच्या आधी नंबर १ असणं टेक्सासच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि हा मराठी माणूस खेकड्यासारखा पाय ओढत बसलाय. वर शेवटचा टोला, की जानेवारी २०२५ मध्ये कॉटन बाऊलला, म्हणजे ओहायो स्टेटविरुद्धच्या सेमीफायनलला, त्या १ यार्डावर तेव्हाच्या क्वार्टरबॅक ईवर्सच्या जागी आर्च असता तर आपण फायनल खेळलो असतो.

खेकड्याचं सोडा, ऑस्टिनमध्ये राहून या टीमचे पाय ओढले तर घराबाहेर पडायची सोय राहणार नाही. १ यार्डाचं मात्र बोलूच, कारण माझं सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

आठवा जरा. ओहायो स्टेट २१-१४ ने पुढे, शेवटची चारेक मिनिटं, लागोपाठ दोन पास इंटरफिअरन्स (पास झेलणाऱ्याला अडवल्याचे फाऊल) मिळून बॉल त्यांच्या गोल लाईनपासून १ यार्डावर आणि चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न, आपल्या हातात. पहिल्याला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) गिब्सनला मधून घुसवला, काही मिळालं नाही. दुसऱ्याला हेड कोच सार्कने (सार्किशियन) दुसरा रनिंग बॅक विझनरला बाहेरच्या अंगाने टॉस (बाजूला फेकलेला बॉल) दिला आणि तो ७ यार्ड मागेच झोपला. तिसऱ्याला पास वाया. चौथ्याला त्यांच्या जॅक सॉयरने ईवर्सला गाठलं, बॉल हातातून सुटला, तो सॉयरनेच उचलला आणि ८३ यार्ड पळत नेला. २८-१४, खेळ खल्लास.

त्या टॉसवरून सगळ्यांनी सार्कला धुतलं, मीपण धुतलं, आणि अजूनही धुवायची तयारी आहे. पण टॉस टाकायची पाळी का आली? मधून जागाच निघत नव्हती म्हणून. आणि हे त्या एकाच रात्रीचं नाही. त्याच २०२४ च्या सीझनला जॉर्जियाशी दोनदा खेळलो, ऑक्टोबरला घरच्या मैदानावर ३०-१५ आणि डिसेंबरला अटलांटात ओव्हरटाईमला २२-१९, दोन्ही हरलो आणि दोन्ही मॅचमध्ये रनिंगचे एकूण यार्ड ५० च्या आत. तुम्ही म्हणाल कॉलेजमध्ये सॅकचे (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं) यार्ड रनिंगमधून वजा करतात म्हणून आकडा वाईट दिसतो, बरोबर आहे, मग सॅक किती झाले तेही मोजा, पहिल्या मॅचला ७ आणि दुसऱ्या मॅचला ६.

आता मुद्दा असा की ही अवस्था त्या लाईनची होती जी चांगली लाईन म्हणून ओळखली जायची. लेफ्ट टॅकलला, म्हणजे लाईनच्या डाव्या टोकाला, केल्विन बँक्स, त्याच वर्षी आऊटलँड ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम लाईनमनची) घेतलेला आणि नंतर एनएफएलच्या, म्हणजे प्रो लीगच्या, ड्राफ्टमध्ये सेंट्सने ९ व्या नंबरला उचललेला. तो गेला. टॅकलच्या शेजारचा गार्ड हेडन कॉनर गेला, मधला सेंटर जेक मेजर्स गेला, राईट टॅकल कॅम विल्यम्स गेला. पाचातला एकटा डीजे कॅम्पबेल उरलाय राईट गार्डला. बाकी चार जागी जी पोरं येतील त्यांच्यात दम आहे, ब्रँडन बेकर तर हायस्कूलपासून नावाजलेला आणि कोल हटसन पहिल्याच वर्षी स्टार्ट केलेला, पण पाच जणांना एकत्र खेळायची सवय लागायला मॅच खेळाव्या लागतात, सरावात ते होत नाही. लाईन कोच काईल फ्लड मुरलेला आहे, पण जादूगार नव्हे. आणि यांची पहिली मॅच कुठे, तर ३० ऑगस्ट २०२५ ला थेट कोलंबसला, ओहायो स्टेटच्या घरी.

त्या १ यार्डावर आर्च असता तर घुसला असता का? माझ्या मते हो, बहुतेक घुसला असता. तेवढं तुमचं खरं. उंचापुरा आहे, ताकद आहे आणि पायात वेग आहे, यूटीएसएच्या (टेक्सास, सॅन अँटोनियो) मॅचला ६७ यार्ड पळून टचडाऊन (बॉल घेऊन गोल लाईनपार) केला तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा होतो. पण क्वार्टरबॅकला मधून घुसवणं हा महिन्यातून दोनदा वापरायचा उपाय आहे, लाईनला जमत नाही म्हणून दर शॉर्ट यार्डेजला (एक-दोन यार्डच हवे असताना) त्यालाच पुढे घातला तर ऑक्टोबर संपेपर्यंत त्याचा खांदा जाईल आणि मग नंबर १ वगैरे आपण व्हॉट्सॅपवर शोधत बसू.

आता आर्चचे आकडे. २०२४ ला ९० पैकी ६१ पास पूर्ण, ९३९ यार्ड, ९ टचडाऊन, २ इंटरसेप्शन (पास समोरच्यांनीच झेलणं). छानच आहेत. पण कुणाविरुद्ध ते बघा ना राव. यूटीएसए, यूएल मनरो, मिसिसिपी स्टेट. मिसिसिपी स्टेट त्या वर्षी एसईसीत (आपल्या गटात) एकही मॅच जिंकली नाही, त्यांच्याविरुद्ध ३१ पैकी २६. आणि मनरोविरुद्ध दोन्ही इंटरसेप्शन. ऑक्टोबरच्या जॉर्जियाच्या मॅचला ईवर्सला बसवून हाफटाईमआधी याला उतरवला, तेव्हा खरा पास रश (क्वार्टरबॅकवर धावून येणारे) अंगावर आला आणि बॉल सुटला. दोन सिरीजवरून मी पोराला नापास करत नाहीये, एवढंच म्हणतोय की चांगल्या डिफेन्ससमोर त्याचं आपण जे काही पाहिलंय ते तेवढंच. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, हे सगळं एनएफएल क्वार्टरबॅकचं घराणं ठीक, पण ब्लॉकिंग घराण्यात मिळत नाही.

तुम्ही आपल्या जुन्या क्वार्टरबॅकचं, विन्स यंगचं, उदाहरण दिलंत. २००६ च्या रोझ बाऊलला (नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल) तो टचडाऊनसाठी कोपऱ्यात पळाला ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्या टीमच्या दोन टॅकलची नावं विचारली तर अर्धे लोक गप्प होतील. जस्टिन ब्लेलॉक आणि जॉनथन स्कॉट.

रिसीव्हरबद्दल, म्हणजे पास झेलणाऱ्यांबद्दल, मी घाबरलेलो नाही, तुम्ही उगाच तसं समजलात. मॅथ्यू गोल्डन पॅकर्सकडे गेला, हेल्म टायटन्सकडे, नुकसान आहेच, पण रायन विंगो आणि डिआँड्रे मूर दोघे आहेत आणि टाईट एंडला (पास झेलतो आणि ब्लॉकही करतो तो) कॅलहून, म्हणजे बर्कलीहून, जॅक एंड्रीज आणलाय. हेल्मसारखा ब्लॉक करतो का ते बघू. किकरही बदललाय, त्यावर बोललो की माझं बीपी वाढतं म्हणून राहू दे.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने नाही आणि तुमच्या बाजूने आहे, जी तुम्ही लिहिली नाहीत म्हणून मीच लिहितो. बँक्स जखमी होता तेव्हा टेक्सास ए अँड एमविरुद्ध त्यांच्या कॉलेज स्टेशनात लेफ्ट टॅकलला ट्रेवर गूसबी उतरला, पहिलाच स्टार्ट, तोही त्या आवाजात, आणि त्याच रात्री विझनरने १८६ यार्ड काढले. म्हणजे निदान डावा टोकाचा माणूस तयार आहे. शिवाय ओहायो स्टेटचे सॉयर, टुइमोलोआऊ, टायलिक विल्यम्स, टाय हॅमिल्टन चौघेही एनएफएलला गेले, डिफेन्स कोऑर्डिनेटरही नवा. त्यांचीही पुढची फळी कच्चीच. रनिंग बॅक सीजे बॅक्स्टर गुडघ्याच्या दुखापतीतून सावरून आलाय, तो आणि विझनर मिळून पहिल्या डाऊनला ४-४ यार्ड काढत राहिले तर आर्चचं काम निम्मं होईल.

तरी माझा अंदाज बदलत नाही. कोलंबसला ऑफेन्स अडखळेल, २० पॉईंट झाले तरी मी खुश. मग सॅन होजे स्टेट, यूटेप, सॅम ह्यूस्टन या तीन घरच्या मॅचला धो धो पॉईंट होतील आणि तुम्ही मला इथेच येऊन शिव्या घालाल, घाला. खरा निकाल ४ ऑक्टोबरला फ्लोरिडात आणि १५ नोव्हेंबरला जॉर्जियात.

बाकी तुम्ही कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी, म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल, बघत वाढलेले, तिथे गोल कोण मारतो ते बघायची सवय असणार. ३० तारखेला सकाळी ११ ला आमच्याकडे टीव्ही लागेल, तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. पहिल्या ड्राईव्हला, म्हणजे पहिल्या चढाईला, बॉल सोडा आणि फक्त लेफ्ट गार्डच्या पायाकडे बघा, स्नॅप (सेंटरने बॉल मागे देणं) झाल्यावर तो पुढे जातोय की मागे सरकतोय, आणि मग इथे लिहा.