लाल मातीतला राल्फ

अमेरिकेत शार्लटला राहायला आलो तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी पहिल्या महिन्यातच माझ्याकडून डेल अर्नहार्ट पाठ करून घेतला. नॅस्कार या अमेरिकन मोटार शर्यतींचा सात वेळचा विजेता, काळी ३ नंबरची गाडी, त्याच्या गावी कॅनापोलिसला त्याचा पुतळा. सगळं मान्य. पण मला विचाराल तर त्या घरातला वस्ताद म्हणजे बाप. राल्फ अर्नहार्ट.

कॅनापोलिस हे तेव्हा गिरणीचं गाव. कॅनन मिल, टॉवेल, चादरी. मी लालबागचा, त्यामुळे भोंगा म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. राल्फही गिरणीतच कामाला होता. १९५०च्या दशकात त्याने ती नोकरी सोडली आणि मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवून घर चालवायचं ठरवलं. पदरात पोरंबाळं! आमच्या चाळीत कुणी असं केलं असतं तर अख्खा मजला समजूत घालायला जमला असता.

गाडी स्वतःची, मेकॅनिकही स्वतःच, गॅरेज घरामागे. शर्यतीत गाडी ठोकली की वाणसामानाचे पैसे गेले. म्हणून हा गडी सुरुवातीला उगाच घाई करायचा नाही. गाडी राखायची, टायर राखायचे आणि शेवटच्या फेऱ्यांत डाव टाकायचा. १९५६ मध्ये नॅस्कारच्या स्पोर्ट्समन गटाचा तो राष्ट्रीय विजेता झाला.

आणि टायरची ती युक्ती! स्टीलचं फुलपात्र फरशीवर आडवं ठेवून ढकला. सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळत गोल फिरतं. ट्रॅकवर कायम डावीकडेच वळायचं असतं, मग उजवीकडचा टायर घेराने थोडा मोठा लावा, गाडी आपसूक वळते. याला स्टॅगर म्हणतात, आणि तो सर्वात आधी वापरणाऱ्यांत राल्फचं नाव घेतलं जातं. लेकीला फुलपात्राने दाखवलं, तिला डेलपेक्षा राल्फ आवडला.

डेलने नववीत शाळा सोडली म्हणून बाप चिडला होता. पुढे १९७२ च्या सुमारास मेट्रोलिनाच्या ट्रॅकवर दोघं एकाच शर्यतीत होते. पोराला तिसऱ्या स्थानावरची गाडी काही केल्या मागे टाकता येईना. बापाने मागून आपली गाडी टेकवली आणि त्याला ढकलत पुढे काढलं, असं सांगतात. आमच्याकडच्या बापांची शाबासकीही साधारण अशीच, पाठीत धपाटा घालून.

२६ सप्टेंबर १९७३ ला राल्फ हृदयविकाराने गेला. वय ४५. दोन वर्षांनी इथे शार्लटलाच डेल पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत उतरला आणि बाविसावा आला. बाप असता तर काही बोलला नसता बहुतेक. वाकून टायर बघितले असते.